काली लिनक्स: पेटी चांगली आहे, पण कुलूप कोणाचं ते आधी विचारा

छत्रपती संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, बीसीएच्या किंवा पॉलिटेक्निकच्या वर्गात एखाद्या पोरानं लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर कालीचा ड्रॅगन दिसला, की शेजारचा लगेच विचारतो, "हॅकिंग शिकायलास का?" पाठोपाठ "मग एकाचं इन्स्टा खोलून दे की" हेही येतंच. काली चांगली की वाईट हे सांगण्याआधी हा घोळ निस्तरावा लागतो. या सिस्टिमबद्दलच्या बऱ्याच तक्रारी अशा असतात, की ज्या कामासाठी ती बनलेलीच नाही, तेच काम लोकांनी तिच्याकडून मागितलेलं असतं.

आधी वस्तू काय आहे ते. काली ही डेबियन टेस्टिंगवर उभी केलेली लिनक्स सिस्टिम. ऑफेन्सिव्ह सिक्युरिटी, आताचं नाव ऑफसेक, ही कंपनी ती सांभाळते. पहिली आवृत्ती १३ मार्च २०१३ ला आली. त्याआधी याच मंडळींची बॅकट्रॅक होती. वर्षाला चार आवृत्त्या निघतात, एक पैसा लागत नाही. आत शेकडो अवजारं बसवलेली मिळतात: नेटवर्क चाचपणारं एनमॅप, तारेतून जाणारी पाकिटं दाखवणारं वायरशार्क, वेबसाइट तपासायला बर्प, पासवर्डचा कस पाहायला जॉन द रिपर, आणि माहीत असलेल्या भोकांवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या कच्च्या जागांवर, तयार हल्ले ठेवणारं मेटास्प्लॉइट. यातली बहुतेक अवजारं साध्या डेबियनवर किंवा उबुंटूवरही बसतात. कालीनं ती एका पेटीत, एकमेकांशी न भांडता चालतील अशी लावून दिली आहेत. तिची खरी कमाई एवढीच, आणि ती लहान नाही.

आता शब्दाकडे. हॅकर हा शब्द चोरीतून आलेला नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत १९५० च्या दशकाच्या शेवटी खेळण्यातल्या रेल्वेचा एक क्लब होता. रुळांखालच्या रिले आणि तारांमध्ये रमणारी तिथली पोरं पुढे टीएक्स-० नावाच्या संगणकाला जाऊन चिकटली. यंत्र आतून कसं चालतं ते खोलून पाहणारा आणि त्यातून काहीतरी नवं चालवून दाखवणारा, तो हॅकर. जानेवारी १९९३ मध्ये इंटरनेटवाल्यांनी आपली शब्दसूची आरएफसी १३९२ या क्रमांकानं काढली. तिच्यातही हॅकर म्हणजे यंत्रणेचं अंतरंग समजून घेण्यात आनंद मानणारा माणूस, असंच दिलं आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरू पाहणाऱ्याला तिथे वेगळा शब्द आहे, क्रॅकर. वर्तमानपत्रांनी दोघांना एकाच दावणीला बांधलं, म्हणून हॅकरांनी स्वतःच १९८५ च्या सुमारास हा दुसरा शब्द पुढे केला होता. तो रुळला नाही, ही खेदाची गोष्ट आहे. मराठीत त्याला सरळ घुसखोर म्हणावं.

आपल्याकडे हे समजायला बोअरची मोटार पुरे. जळालेली मोटार खोलून कोणत्या गेजची तार आहे, वेढे किती, कपॅसिटर का फुगला, हे पाहून ती पुन्हा भरणारा कारागीर एकीकडे. रात्री तारांवर आकडा टाकणारा, नाहीतर विहिरीवरची केबल कापून तांबं विकणारा दुसरीकडे. दोघांच्या हातात पक्कडच असते, फेज-न्यूट्रल दोघांनाही कळतं. पण एकाला शेतमालकानं बोलावलेलं असतं, आणि तो गेल्यावर मोटार पाणी उपसते. शिवाय तिसराही एक असतो, ज्याला मोटारीतलं काही कळत नाही, पण कुणीतरी दिलेला आकडा तो तारेवर टाकू शकतो. काली हाती आल्यावर सगळ्यात सोपं असतं ते हा तिसरा माणूस होणं. म्हणून या परीक्षणात प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट पाहिली आहे: ही पेटी माणसाला कारागीर करते, की नुसता आकडा हातात देते?

सुरुवात डाउनलोडपासून. इमेज, म्हणजे पूर्ण सिस्टिमची तयार फाइल, फक्त काली डॉट ओआरजी वरून घ्यावी. मित्राच्या पेनड्राइव्हवरून किंवा टेलिग्रामच्या ग्रुपवरून कधीच नाही. तीन-चार जीबीची फाइल असते, त्यामुळे रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर ती एका दिवसात उतरत नाही. टॉरंटनं घेतली तर मध्येच तुटली तरी पुढे चालू राहते. उतरल्यावर तिचा शा-२५६ आकडा, म्हणजे फाइलचा ठसा, काढून साइटवरच्या आकड्याशी जुळवावा. विंडोजवर पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' ही कमांड लिहून पुढे फाइलचं नाव दिलं की झालं. (कमांड इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरांत करायच्या.) पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं पाहून थांबू नका, पूर्ण ओळ जुळवा. हे दोन मिनिटांचं काम बहुतेक जण टाळतात. ते का टाळू नये, ते पुढे मेटास्प्लॉइटेबल या सरावाच्या मशीनपाशी कळेल.

जुनी इमेज घेतली असेल तर एक अडचण नक्की येते. एप्रिल २०२५ मध्ये ऑफसेकनं जाहीर केलं, की पॅकेजवर (सॉफ्टवेअरच्या गाठोड्यावर) ते अस्सल असल्याची डिजिटल सही करायची त्यांची जुनी किल्ली त्यांच्या हातातून गेली आणि आता नवी किल्ली चालेल. त्याआधीच्या इमेजवर 'सुडो एपीटी अपडेट' दिलं की सही तपासता येत नाही अशी चूक येते आणि काम तिथेच अडतं. यावर काही व्हिडिओंमध्ये सही तपासणंच बंद करायला सांगतात. तसं कधीही करू नका. कालीच्या साइटवरून नवी किल्ली-फाइल उतरवून घ्या, नाहीतर सरळ नवी इमेज घ्या. किल्ली हरवली हे कंपनीनं स्वतःहून सांगितलं आणि उपायही त्याच पानावर दिला, ही माझ्या लेखी कालीच्या बाजूची गोष्ट आहे.

बसवण्याच्या तीन तऱ्हा आहेत: लॅपटॉपवर थेट, पेनड्राइव्हवरून, किंवा विंडोजच्या आत व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकात दुसरा संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. शिकणाऱ्यानं तिसरी घ्यावी, दुसरा विचार करू नये. व्हर्च्युअलबॉक्ससाठी तयार इमेज मिळते. ती सेव्हन-झिपनं मोकळी करायची, आतल्या व्हीबॉक्स फाइलवर दोनदा क्लिक करायचं, झालं. लॉगिन आणि पासवर्ड दोन्ही 'काली', हे जगाला माहीत आहे. म्हणून आत गेल्यावर पहिली कमांड 'पासडब्ल्यूडी', म्हणजे पासवर्ड बदल. डेस्कटॉपसकट काली चालायला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. बर्पसारखं जड अवजार लावायचं तर ८ जीबी रॅम असावी असं कालीचेच लोक सांगतात. म्हणजे ज्या लॅपटॉपमध्ये एकूण ४ जीबी आहे, त्यावर विंडोज आणि काली दोन्ही रखडणार. अशा वेळी आधी रॅमची एक पट्टी घालून घ्यावी, क्लासची फी नंतर. मशीन सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असण्याची शक्यता सर्वात जास्त.

थेट लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवरून चालवणाऱ्यांची फजिती सिक्युअर बूटपाशी, म्हणजे सुरू होताना फक्त मान्यताप्राप्त सिस्टिमच चालू देणाऱ्या सोयीपाशी, होते. कालीसाठी ते बंद करावं लागतं. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आधीच बिटलॉकरनं कुलूपबंद असते, आणि सिक्युअर बूट बदललं की विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती कुठे लिहून ठेवली नसेल तर बहिणीचा प्रोजेक्ट, वडिलांचे सातबारे, लग्नाचे फोटो, सगळं त्या कुलपाआड राहतं. म्हणून आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन की शोधून कागदावर उतरवा, मग बायोसला हात लावा. लॅबमधल्या डेस्कटॉपवर पेनड्राइव्हनं काली चालवताना मध्येच लाइट गेली तर पर्सिस्टन्सचा भाग, म्हणजे पेनड्राइव्हवर आपलं काम जतन होतं ती जागा, खराब होऊ शकतो. यूपीएस नसेल तिथे पेनड्राइव्हवर महत्त्वाच्या नोंदी ठेवू नयेत.

इथपर्यंत फक्त पेटी दारात आली. आता ती चालवायची कशावर? शेजाऱ्याच्या वायफायवर नाही, कॉलेजच्या निकालाच्या पोर्टलवर नाही. त्यासाठी मेटास्प्लॉइटेबल २ नावाचं, मुद्दाम भोकं ठेवलेलं एक मशीन फुकट मिळतं. त्याला ५१२ एमबी रॅम पुरते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन्ही मशीनचं नेटवर्क 'होस्ट-ओन्ली' ठेवायचं, म्हणजे ही दोघं एकमेकांशीच बोलतील. 'ब्रिज्ड' ठेवलं तर हे पोकळ मशीन घरच्या किंवा हॉस्टेलच्या पूर्ण वायफायवर उघडं पडतं. ही चूक सर्रास होते आणि महाग पडते. मग कालीमधून 'एनमॅप -एसएन १९२.१६८.५६.०/२४' देऊन मशीनचा पत्ता शोधायचा, आणि 'एनमॅप -एसव्ही' देऊन त्यावर काय काय चालू आहे ते पाहायचं. पोर्ट म्हणजे यंत्रावरच्या एकेका सेवेचं क्रमांक दिलेलं दार. पहिल्याच ओळींत दिसतं: पोर्ट २१, एफटीपी, व्हीएसएफटीपीडी २.३.४.

या एका ओळीपाशी हॅकर, घुसखोर आणि आकडेबहाद्दर तिघंही उभे आहेत, म्हणून इथे नीट थांबावं. व्हीएसएफटीपीडी हे फाइल देवाणघेवाणीचं सॉफ्टवेअर ख्रिस इव्हान्स यांनी लिहिलं. नावातल्या व्हीएसचा अर्थच 'अत्यंत सुरक्षित', आणि ते तसं होतंही. २०११ च्या जूनअखेरीस कुणीतरी डाउनलोडच्या सर्व्हरवरचं २.३.४ चं गाठोडं बदललं. आत टाकलेला भाग जेमतेम काही ओळींचा आहे: लॉगिनच्या नावात लागोपाठ दोन अक्षरं, सोळाच्या पायातले ३ए आणि २९, आली का ते तपासायचं. म्हणजे कोलन आणि बंद कंस, हसऱ्या चेहऱ्याची खूण. आली, की पोर्ट ६२०० उघडायचं आणि येणाऱ्याच्या हाती पूर्ण यंत्र द्यायचं. ३ जुलै २०११ ला इव्हान्स यांनी ते जाहीर केलं. गाठोड्यावरची सही जुळत नव्हती. ज्यांनी ती तपासली ते वाचले. डाउनलोडनंतरची ती दोन मिनिटं याचसाठी होती.

आता मेटास्प्लॉइटमध्ये या भोकाचं तयार मॉड्यूल आहे. नाव निवडा, पत्ता द्या, 'रन' म्हणा, दहा सेकंदांत समोरचं मशीन तुमचं. क्लासेसच्या जाहिरातीत दिसतात ती हीच दहा सेकंदं. यातून काय शिकायला मिळालं? काहीच नाही. उलट ते मॉड्यूल बाजूला ठेवून टेलनेटनं, म्हणजे दुसऱ्या यंत्राशी साध्या अक्षरांत बोलणाऱ्या जुन्या अवजारानं, पोर्ट २१ ला जोडा, नावाच्या शेवटी ती खूण हातानं लिहा, काहीतरी पासवर्ड द्या, आणि दुसऱ्या खिडकीतून ६२०० उघडलं का पाहा. मग वायरशार्क लावून तेच परत करा आणि नाव-पासवर्ड तारेतून उघडे जाताना बघा. शेवटी ते बदललेलं कोड समोर घेऊन ती तुलना नेमकी कुठे बसवली आहे ते शोधा. याला एक संध्याकाळ लागते. ही संध्याकाळ घालवलेल्याला एफटीपी का टाळायचं, सही का तपासायची, आणि मागचं दार कोडमध्ये कसं दिसतं, ही तिन्ही उत्तरं कायमची मिळतात. काली दोन्ही गोष्टी करू देते, पण पहिली जरा जास्तच सोपी करून ठेवते. ही तिच्यातली सगळ्यात मोठी उणीव, आणि ती भरून काढायला चांगला शिक्षक लागतो.

तसंच 'रॉक यू' नावाची पासवर्डची यादी. कालीत ती वर्डलिस्टच्या फोल्डरमध्ये कॉम्प्रेस करून ठेवलेली मिळते, वापरण्याआधी मोकळी करावी लागते. २००९ मध्ये रॉक यू या कंपनीच्या साइटमधून घुसखोरानं तीन कोटींवर खात्यांचे पासवर्ड उचलले. ते साध्या अक्षरांत, कुठलाही चुरा (हॅश) न करता साठवलेले होते. त्यातले वेगवेगळे सुमारे १ कोटी ४३ लाख पासवर्ड म्हणजे ही यादी. चोरीचाच माल, पण आज तो उलट्या कामाला येतो. आपल्या ऑफिसात ठेवायचा पासवर्ड या यादीत आहे का, ते 'ग्रेप' या शोधायच्या कमांडनं पाहा. सापडला तर तो पासवर्ड संपला. नाव आणि पुढे १२३ असला प्रकार त्यात ढिगानं आहे.

कालीतल्या अवजारांमध्ये एनमॅप सगळ्यात वरचं, आणि ते का, याचं उत्तर एका बारीक गोष्टीत आहे. समजा लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानाची तपासणी करायची आहे. गल्ल्यावर टॅलीचा संगणक, कोपऱ्यात पट्टी छापणारा नेटवर्क प्रिंटर, वर कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, आणि इंटरनेटवाल्यानं बसवलेला राउटर. 'एनमॅप -एसव्ही' चालू असताना ते प्रत्येक उघड्या पोर्टला काहीतरी विचारून बघतं. पण प्रिंटरच्या पोर्ट ९१०० ला काही विचारलं, की बरेच प्रिंटर तो प्रश्नच कागदावर छापत बसतात. म्हणून एनमॅपनं ९१०० ते ९१०७ ही पोर्टं या चौकशीतून मुळातच वगळली आहेत. दुसऱ्याच्या दुकानातला कागदसुद्धा वाया जाऊ नये याची काळजी अवजार लिहिणाऱ्यानं घेतली आहे. गॉर्डन लायन यांनी १९९७ मध्ये एनमॅप बाहेर काढलं, तेव्हापासून ते असंच वाढत आलं. हॅकर कुणाला म्हणायचं हे व्याख्येपेक्षा इथे लवकर कळतं.

एवढी काळजी असूनही जुन्या डीव्हीआरवर वेगानं स्कॅन मारलं तर तो अडकतो, रेकॉर्डिंग बंद पडतं, आणि मालकाला ते चार दिवसांनी कळतं. म्हणून वेग 'टी-२' वर ठेवा, दुकान बंद झाल्यावर करा, आणि झाल्यावर सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र चालू आहे याची मालकाला खात्री करून द्या. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या पीएलसीवर, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकावर, चाललेल्या मशीनला तर चालू पाळीत हातच लावू नये.

अशा दुकानात बहुतेक सापडतं ते असं: राउटरचा पासवर्ड कारखान्यातूनच आलेला. मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून डीव्हीआरचं पोर्ट थेट इंटरनेटवर उघडलेलं. यूपीएनपी चालू, म्हणजे घरातली वस्तू स्वतःच राउटरला सांगून बाहेरचं दार उघडू शकते. आणि टॅलीच्या संगणकाचं पूर्ण ड्राइव्ह पासवर्डशिवाय शेअर केलेलं. यातलं एकही शोधायला मोठी विद्या लागत नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्यानं जगभरचे कॅमेरे आणि राउटर काबीज केले, ते कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या टेलनेटवर एकेक करून पाहत. उपायही साधे आहेत. पासवर्ड बदला, यूपीएनपी बंद करा, डीव्हीआरचं फर्मवेअर नवं घाला, बाहेरून आत येणारं उघडं दार, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग, काढा, आणि टॅलीचा बॅकअप अशा पेनड्राइव्हवर घ्या जो काम झाल्यावर संगणकाला लावलेला राहत नाही.

वायफायच्या भागात कालीबद्दल सर्वात जास्त निराशा होते, आणि दोष मात्र हार्डवेअरचा असतो. व्हर्च्युअलबॉक्समधल्या कालीला लॅपटॉपचं आतलं वायफाय दिसतच नाही. तिला ते तारेचं नेटवर्क वाटतं. त्यासाठी यूएसबीचं वेगळं अडॅप्टर लागतं, आणि तेही मॉनिटर मोड, म्हणजे आसपासची सगळी वायफाय पाकिटं ऐकायची सोय, चालणाऱ्या चिपचं. टीपी-लिंकचं डब्ल्यूएन-७२२एन हे मॉडेल यासाठी प्रसिद्ध झालं ते पहिल्या आवृत्तीतल्या एथेरॉस एआर-९२७१ चिपमुळे. दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाखाली रिअलटेकची वेगळी चिप येते, आणि तिथे ड्रायव्हरची झटापट सुरू होते. दुकानात डबी हातात घेऊन मागचा व्हर्जन आकडा वाचा, नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका. एआर-९२७१ सुद्धा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय तिला ऐकू येत नाही.

एक सोय मला पटत नाही. २०१९ च्या शेवटच्या आवृत्तीपासून कालीत 'अंडरकव्हर' नावाचं बटण आहे; दाबलं की डेस्कटॉप विंडोज १० सारखा दिसायला लागतो. चारचौघांत काम करताना लोकांच्या नजरा वळू नयेत, हा बनवणाऱ्यांचा हेतू, आणि तपासणीच्या कामात तो समजण्यासारखा आहे. पण शिकणाऱ्या पोराला ते पहिल्या दिवशी सापडतं आणि काहीतरी लपवायचं काम आपण करतोय असं त्याच्या मनात बसतं. परवानगी खिशात असलेल्याला वर्गात बसून काही लपवावं लागत नाही.

मार्च २०२४ मधली घटना कालीच्या प्रत्येक वापरकर्त्यानं माहीत करून घ्यावी. एक्सझेड नावाचं फाइल कॉम्प्रेस करणारं साधं सॉफ्टवेअर जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. जिया टॅन हे नाव घेऊन कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ त्या प्रकल्पात मुकाट्यानं काम केलं, विश्वास मिळवला, देखरेखीचा अधिकार मिळवला, आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार घातलं. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या चाचणीच्या मशीनवर एसएसएचचं (दुरून यंत्रात शिरायच्या सुरक्षित सेवेचं) लॉगिन अर्ध्या सेकंदानं रेंगाळतंय असं दिसलं. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा तो माणूस, सुरक्षा हा त्याचा धंदा नव्हता. तो अर्धा सेकंद कुठे गेला याचा माग काढत तो एक्सझेडपर्यंत पोहोचला, आणि २९ मार्चला त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं. कालीही त्यात सापडली होती: २६ ते २९ मार्चच्या दरम्यान ज्यांनी अपडेट केलं त्यांच्या मशीनवर बाधित एक्सझेड आलं. कालीनं लगेच तसं जाहीर करून दुरुस्त पॅकेज दिलं. दोन वर्षं सभ्यपणे कोड लिहिणारा तो घुसखोर, आणि अर्ध्या सेकंदापायी झोप उडालेला हा हॅकर. तांत्रिक ज्ञान दोघांकडेही भरपूर.

मग काली कोणी घ्यावी? लिनक्सची पहिली ओळख म्हणून अजिबात नाही. कालीच्या स्वतःच्या माहितीपत्रातही हेच लिहिलं आहे, की लिनक्सची सवय नसलेल्यानं हिच्यापासून सुरुवात करू नये. आधी मिंट किंवा डेबियन सहा महिने रोजच्या कामाला वापरा. फाइलचे हक्क, सर्व्हिस सुरू-बंद करणं, आयपी आणि सबनेट, थोडं पायथन, एवढं हाताखाली आलं की काली घ्या. अपडेट करताना 'सुडो एपीटी फुल-अपग्रेड' वापरा आणि त्याआधी व्हर्च्युअलबॉक्समध्ये स्नॅपशॉट काढा, म्हणजे बिघडलं तर आधीच्या स्थितीत परत जाता येतं. सतत वाहणारी सिस्टिम आहे, एखादं अपडेट अधूनमधून काहीतरी मोडतंच. इंटरनेटवरून उचललेली उबुंटूची रेपॉझिटरी (पॅकेजांचं कोठार) हिच्यात घालू नका, नंतर पॅकेजांचा असा गुंता होतो की सगळं पुन्हा बसवणं सोपं पडतं.

क्लास लावणार असाल तर फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. लॅब स्वतःची, बाहेरच्या नेटवर्कपासून तोडलेली आहे का? मेटास्प्लॉइटचं मॉड्यूल चालवण्याआधी ते भोक हातानं करून दाखवतात का? आणि अहवाल लिहायला शिकवतात का? "व्हॉट्सअॅप हॅक शिकवू" असं कुणी म्हणत असेल तर तिथून उठावं, मग त्याच्या भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं असोत.

कायद्याची बाजू ऐकीव माहितीवर सोडू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये कलम ६६ चं शीर्षकच हॅकिंग असं होतं. २००८ च्या दुरुस्तीनं, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली, तो शब्द तिथून गेला आणि शीर्षक संगणकविषयक गुन्हे असं झालं. म्हणजे कायद्यानं शेवटी शब्दापेक्षा कृतीवर बोट ठेवलं. कलम ४३ विचारतं की मालकाची किंवा यंत्रणा सांभाळणाऱ्याची परवानगी होती का. नसेल तर नुकसानभरपाई, आणि तिथे तुमचा हेतू चांगला होता हे सांगून सुटका होत नाही. तेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीनं केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी सहा तासांत कळवायच्या घटनांच्या यादीत महत्त्वाच्या यंत्रणांचं हेतुपुरस्सर स्कॅनिंगही आहे. "मी फक्त स्कॅन केलं" हे वाक्य तिथे उपयोगाचं नाही.

म्हणून त्या आडत दुकानात जायच्या आधी एक पानाचं पत्र हवं. त्यात दुकानाच्या मालकाची सही आणि शिक्का, मुनिमाची नव्हे. कोणते आयपी पत्ते तपासायचे त्यांची यादी. तारीख आणि वेळ, उदाहरणार्थ रात्री आठ ते अकरा. काय करायचं नाही ते स्पष्ट: सेवा बंद पाडणारा हल्ला नाही, टॅलीतली शेतकऱ्यांची खाती उघडणं नाही, कॅमेऱ्यांचं चित्रण बाहेर नेणं नाही. काही अडलं तर लगेच उचलला जाईल असा मालकाचा फोन नंबर. इंटरनेटवाल्याचा राउटर त्यानं भाड्यानं दिलेला असेल तर त्याचीही लेखी संमती लागते, हा मुद्दा हमखास सुटतो. आणि काम झाल्यावर जमवलेली माहिती कोणत्या तारखेला पुसणार तेही लिहायचं.

दुसऱ्याच्या यंत्रणेतलं भोक न शोधता समोर आलं, समजा निकालाच्या पानावर पत्त्यातला एक आकडा चुकून बदलला आणि दुसऱ्याची गुणपत्रिका दिसली, तर तिथेच थांबा. आणखी दहा आकडे बदलून खात्री करायला जाऊ नका. तपासणी आणि घुसखोरी यांच्यातली रेघ नेमकी तिथेच ओलांडली जाते. एक स्क्रीनशॉट, त्यातलं नाव झाकून, वेळ लिहून ठेवा, संस्थेला लेखी कळवा, दाद लागली नाही तर सर्ट-इनला ईमेल करा. कुणाचे पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लगेच, त्याच तासात, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी बँकेला थांबवायचं असतं.